गाडीवाट : नांदेड-लातूरच्या सहकुटुंब प्रवासाचा पूर्वेतिहास

स्वतःचे वाहन, स्वतःचा शिधा आणि स्वतः ठरविलेले मुक्काम, एवढ्या भांडवलावर लहानथोरांसह दूरदेशी निघावे ही कल्पना अलीकडच्या सुबत्तेने आपल्याकडे आणली, असा समज आज नांदेड आणि लातूरच्या सुशिक्षित घरांतून रूढ झालेला दिसतो. यात्रा कंपनीच्या व्यवस्थापकामागे जथ्याने हिंडण्याऐवजी आपणच गाडी चालवीत न्यूझीलंडसारख्या दूरच्या द्वीपदेशात फिरून यावे, अशी हौस बाळगणारी मंडळी या दोन्ही शहरांत आता भेटतात; आणि घरातील वडीलधाऱ्यांना मात्र अनोळखी मुलखात, ओळखीचा माणूस नसता, मुलाबाळांना घेऊन असे जाणे हा निव्वळ अविचार वाटतो. परंतु ज्या वडीलधाऱ्यांना असे वाटते, त्यांच्याच आजोबा-पणजोबांनी याच मुलखात, रस्ते नव्हते, पूल नव्हते आणि दिशा दाखविणारी पाटीही नव्हती अशा काळात, आपल्या बैलजोडीच्या बळावर घरच्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या लेकरांना घेऊन माहूर, माळेगाव, तुळजापूर, परळी आणि पंढरपूर गाठले होते. त्या प्रवासाची एक परिपक्व पद्धती होती, तिचे अलिखित कायदे होते, आणि ते कायदे अनुभवाच्या कसोटीवर इतके घासून निघालेले होते की वाहन बदलले, देश बदलला, तरी त्यांतला एकही आजतागायत रद्द ठरलेला नाही. त्या पद्धतीची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

या भागातील गाडीवाटांचे प्राचीनत्व सांगावयाचे तर इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत मागे जावे लागते. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराचे वर्णन करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर या दोन दक्षिणी नगरांचा उल्लेख येतो. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात सांगितले असून, या नगरांतील माल बिनरस्त्यांच्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जातो अशी नोंद त्या अज्ञात खलाशी लेखकाने केली आहे. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे आजचे तेर. म्हणजे प्रवासाची लांबी मैलांत न मोजता दिवसांत मोजावयाची, हा गाडीवानाचा हिशेब दोन हजार वर्षांपूर्वीही या मुलखात चालू होता. पुढे राष्ट्रकूटांच्या अमदानीत कंधार हे वैभवाचे स्थान झाले. तेथील जगत्तुंग सागर हा विस्तीर्ण तलाव त्या काळाची साक्ष देत आजही उभा आहे, आणि ज्या मुलखात राजा तलाव बांधतो व गावोगाव बारवा खोदल्या जातात, त्या मुलखात वाटसरूच्या आणि त्याच्या जनावरांच्या तहानेची चिंता राज्यकर्त्यांना वाहावी लागत होती, हे वेगळे सांगावयास नको.

मध्ययुगात मात्र या वाटांवरून सहकुटुंब आणि स्वतंत्रपणे हिंडणे सोपे राहिले नव्हते. लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत असत, आणि बायकामुलांसह जन्मभर वाटेवर राहणारा तो समाज होता. परंतु संख्येचे बळ आणि फौजांना रसद पुरविण्यामुळे मिळणारे अभय त्यांच्या पाठीशी होते. गृहस्थाश्रमी माणसाला ते अभय कोठून मिळणार? म्हणून तो एखाद्या बलवत्तर सोबतीच्या आश्रयाने निघे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत सदाशिवराव भाऊंनी निजामाचा पराभव केला, आणि नंतर परतूरच्या मुक्कामी त्यांना उत्तरेच्या मोहिमेचे आधिपत्य मिळाले, हे सर्वश्रुतच आहे. त्या फौजेबरोबर उत्तरेतील तीर्थक्षेत्रे पाहून यावी या श्रद्धेने असंख्य यात्रेकरू सहकुटुंब निघाले, आणि पानिपतच्या प्रलयात त्यांपैकी कितीजणांची काय दशा झाली हे आठवले तरी अंगावर शहारे येतात. फौजेचा आश्रय घेणाऱ्याला फौजेचे दैवही स्वीकारावे लागते. मुक्काम कोठे करावयाचा, परत कधी फिरावयाचे, याचा निर्णय ज्याच्या हाती राहत नाही त्याचा प्रवास परस्वाधीन होतो. उदगीरच्या भूमीशी जोडलेला हा धडा स्वतंत्र प्रवासाच्या इतिहासात अग्रभागी ठेवण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती हळूहळू पालटली. १८३० नंतरच्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोहिमेने ठगांचा बंदोबस्त झाला. १८५३ साली नळदुर्ग प्रांताचा कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला आणि त्याने रस्तेबांधणीकडे विशेष लक्ष पुरविले. आणि पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत, १८६५ साली, जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, होऊन हैदराबाद संस्थानात अव्वल तालुकदार, तहसीलदार, अमीन अशी कारभाराची नवी साखळी तयार झाली. वाटमारी अगदीच नाहीशी झाली असे नव्हे. पण गावचा पोलीस पाटील रात्रीच्या मुक्कामाला जबाबदार, अशी व्यवस्था दृढ झाली, आणि सामान्य कुणब्याला आपली गाडी जुंपून चार-सहा मुक्कामांच्या वाटेला लागण्याचा धीर आला. सहकुटुंब गाडीयात्रेचा खरा बहराचा काळ हाच. तो साधारणपणे १८६५ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला.

संपूर्ण कुटुंबाने निघण्यामागे धार्मिक कारण होते आणि तेच निर्णायक होते. व्यापाराला एकटा पुरुष पुरतो, दरबारी कामाला कारकून पुरतो. पण कुलदैवताच्या दर्शनाला नवीन सून लागते, जावळ काढावयाचे लेकरू लागते, नवस बोललेली आजी लागते आणि तळी भरावयास घरचा कर्ता लागतो. म्हणून माहूरची रेणुका, माळेगावचा खंडोबा आणि तुळजापूरची भवानी यांच्या वाटांवर ज्या गाड्या दिसत त्यांत घरची तीन-तीन पिढ्यांची माणसे दाटीवाटीने बसलेली असत. शिवरात्रीला परळी वैजनाथ, औंढा नागनाथ आणि लातूरचा सिद्धेश्वर. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगाव. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी. असे वर्षाचे वेळापत्रक कुलाचाराने आणि पंचांगाने मिळून आखून दिलेले होते.

हे वेळापत्रक केवळ श्रद्धेने ठरलेले होते असे मात्र समजू नये. या भागाची काळी, रेगड जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मृग बरसला की तिचा असा चिखल होतो की रिकामी गाडीसुद्धा आसापर्यंत रुतून बसावी. आषाढी वारीला लोक पायी जात. गाडी घेऊन निघण्याचा विचार पावसाळ्यात कोणीही शहाणा माणूस करीत नसे. गाडीयात्रेचा काळ दसऱ्यापासून मृगापर्यंतचा, आणि त्यातही सुगीची कामे आटोपल्यानंतरचा. माळेगावची यात्रा बरोबर थंडीत येते. ओढ्यांना पाणी असते पण पूर नसतो, रानात वैरण असते, दिवसा ऊन सोसते आणि बैल दमत नाहीत. देशाचे ऋतू आधी समजून घ्यावे आणि मग निघण्याची तिथी धरावी, हा त्या पद्धतीचा पहिला कायदा होय.

दुसरा कायदा वाहनासंबंधीचा. या बाबतीत निसर्गाने नांदेड-लातूरवर विशेष कृपा केलेली आहे. कंधार परिसरातील लाल कंधारी आणि देवणी परिसरातील देवणी, असे दोन नामांकित गोवंश या दोन जिल्ह्यांनी सांभाळले. गडद तांबड्या रंगाचा लाल कंधारी बैल उन्हाला आणि निकृष्ट वैरणीला दाद देत नाही. देवणीच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे अथवा ठिपके असून त्या रंगभेदावरून वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिचे पोटभेद मानले जातात, आणि ओढकामात तिचे खोंड कसदार ठरतात. लांबच्या यात्रेला निघण्यापूर्वी पंधरा दिवस अगोदरपासून जोडीला सरकी आणि पेंड वाढवून दिली जाई, नाल ठोकून घेतले जात, आणि नवख्या बैलाला जुन्या बैलाशी जुंपून लहान पल्ल्यावर हिंडवून आणले जाई. घरची गाडी शेतकामाची, जाड चाकांची असे. ऐपतदार देशमुख-देशपांड्यांकडे माणसांसाठी वेगळा छकडा किंवा दमणी असे. सुतार येऊन चाकाचे आरे ठोकून पाही, लोहार लोखंडी धाव घट्ट करून देई. निघण्याच्या आदल्या सायंकाळी गाडीला टेकू देऊन एकेक चाक आखावरून बाहेर ओढले जाई, आख जुन्या चिंध्यांनी पुसून लख्ख केला जाई, त्यावर एरंडीच्या तेलाचे काळेभोर वंगण हाताने माखले जाई आणि चाक पुन्हा चढवून खीळ मारली जाई. उरलेले वंगण बांबूच्या नळकांड्यात भरून ते गाडीच्या खाली टांगले जाई, कारण तिसऱ्या मुक्कामानंतर चाक कुरकुरू लागते हे प्रत्येक गाडीवानाला ठाऊक असे. कर्त्या पुरुषाने हे काम गड्यावर टाकले तरी स्वतः जवळ उभे राहून ते पाहावे, असा दंडक होता.

गाडी भरणे ही घरातील वडील बाईची कामगिरी. तळाशी कडब्याच्या पेंढ्या, कारण त्या बसणाऱ्यांना मऊ आसन देतात आणि दिवसागणिक बैलांच्या पोटात जाऊन गाडी हलकी करतात. त्यावर वाकळा आणि गोधड्या. वर बांबूच्या कामट्यांची कमान करून तिच्यावर घोंगडी किंवा ताडपत्री. मागच्या अंगाला पिठाचे, डाळीचे आणि मिठामिरचीचे गाठोडे, पुढे हाताशी पाण्याची कळशी. वाटेत विहिरी पुष्कळ, परंतु अनोळखी गावातील विहिरीचे पाणी किती खोल आहे हे कोणास सांगता येणार? म्हणून दोर आणि पोहरा घरचाच घ्यावा लागे, आणि तो विसरलेले बिऱ्हाड दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत पाणवठ्यावर ताटकळत राही. पहिल्या दोन दिवसांसाठी धपाटे. त्यापुढे टिकाव्या म्हणून दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या. सोबत शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, लोणचे, गूळ. शिजवून खावयाचे झाले तर येसर या तयार मसाल्याच्या पिठाची पुरचुंडी पुरे. तीन दगडांची चूल मांडावी, उकळत्या पाण्यात येसर सोडावे, आणि भाकऱ्या थापून होईतो आमटी तयार व्हावी. वाटेत विकत घेऊन खाण्याची लाज वाटे म्हणून ही तयारी होती असे नव्हे. ज्याची शिदोरी त्याच्याजवळ आहे तो कोठेही थांबू शकतो आणि कोठूनही पुढे निघू शकतो. खाण्यासाठी ज्याला अमुकच गाव गाठावयाचे असते तो बैलांना झोडपतो. शिदोरीतच स्वातंत्र्य होते, हे त्या बायकांना पुरते उमगलेले होते.

मजलीचा हिशेब हा या सर्व पद्धतीचा गाभा. भरली गाडी दिवसाला सात-आठ कोस चालते, यापेक्षा अधिक अपेक्षा धरणाऱ्याने घोडे बाळगावे. नांदेडहून सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर या वाटेने लातूर गाठावयाचे, म्हणजे आजचे सुमारे १४० किलोमीटर अंतर कापावयाचे तर सहा मुक्काम पडत. पहाटे शुक्राची चांदणी उगवताच गाडी जुंपावी. ऊन तापण्यापूर्वी अर्धी मजल मारावी. आमराई पाहून सोडावे. बैलांच्या अंगावरचा घाम सुकेपर्यंत त्यांना पाणी दाखवू नये. मुलांना झोपू द्यावे. तिसऱ्या प्रहरी पुन्हा जुंपावे आणि दिवेलागणीच्या आत मुक्कामाचे गाव गाठून मारुतीच्या पाराशी किंवा धर्मशाळेत उतरावे. बालाघाटाच्या चढणीवर धडधाकट माणसांनी खाली उतरून चालावे, उतरणीवर गाडी मागून ओढून धरावी; नदीच्या उतारावर आधी एका माणसाने पाण्यात शिरून तळ चाचपावा आणि मगच बैल घालावे. आजीला उचकी लागली, लेकराला ताप आला, बैलाच्या खांद्याला सूज आली, तर ठरलेली मजल मोडावी आणि आहे तेथेच राहावे. कारण प्रवासाचा वेग घरातील सर्वांत दुबळ्या जिवाच्या सोसण्यावरून ठरतो, सर्वांत बळकट माणसाच्या उत्साहावरून ठरत नाही. सगळ्या गाडीयात्रेचे सार या एका नियमात साठविलेले आहे असे मी मानतो.

एकटी गाडी क्वचितच निघे. भावकीतल्या, शेजारपाजारच्या चार-सहा गाड्या मिळून निघत, प्रत्येकीचे बिऱ्हाड आणि चूल स्वतंत्र, पण वाटेतली अडचण सामाईक. रुतलेल्या गाडीला दुसऱ्याची जोडी लावून ओढून काढावे आणि अरुंद वाटेत भरल्या गाडीला रिकामीने वाट द्यावी, हे संकेत होते आणि ते मोडणाऱ्याची गावोगाव निंदा होई. माळेगावला पोहोचल्यावर तर या गाड्यांचेच एक नगर वसे. गाडीला गाडी लावून केलेले वाडे, मध्ये दावणीला बांधलेले बैल, बाहेर घोडे, गाढवे आणि उंट यांचा बाजार, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे, वाघ्या-मुरळीचे गाणे, तमाशाचे फड. या सर्व गर्दीत लहान मुलाला स्वतःची गाडी ओळखता यावी म्हणून तिच्या कमानीवर एखादे रंगीत लुगडे बांधून ठेवण्याची दक्षता आया घेत. आजही दर वर्षी ही यात्रा भरते आणि लाल कंधारी व देवणी जनावरांची पारख तेथे होते. गाड्या मात्र बहुतांशी यंत्रावर चालतात.

सरहद्द ओलांडण्याचे प्रसंगही या प्रवासात येत. आज नांदेड-लातूरच्या ज्या वाटेवर आपण दोनच जिल्ह्यांतून जातो त्या वाटेवर तेव्हा नांदेड, बीदर आणि उस्मानाबाद असे तीन जिल्हे लागत, कारण अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. माहूर-किनवटचा भाग आदिलाबादेत मोडे. आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. ही सरहद्द कागदावरची म्हणून सुसह्य होती. परंतु पंढरपूरला जावयाचे म्हणजे बार्शीच्या बाजूस इंग्रजी अंमलात शिरावे लागे, आणि पुसद-यवतमाळकडून माहूरला येणाऱ्यांना पैनगंगा उतरून संस्थानी हद्दीत यावे लागे. हद्दीवर करोडगिरीचा नाका असे. नाकेदार गाठोडी सोडवून पाही. नवे कापड, भांडी, व्यापाराचा वास येईल इतके तूप किंवा तेल, यांवर महसूल मागे. आणि ज्याने आपणहून सर्व सांगितले त्याची गाडी लवकर सुटे, ज्याने वाकळेखाली दडविले त्याची दिवसभर अडकून पडे. नाण्याचा प्रश्न निराळाच. संस्थानात हाली सिक्का, बाहेर इंग्रजांचा कलदार रुपया. सात हाली रुपयांना सहा कलदार असा उत्तरकाळचा सर्वसाधारण हिशेब. पंढरीच्या बडव्याला, नावाड्याला आणि वाण्याला हाली चालत नसे, म्हणून निघण्यापूर्वी लातूरच्या किंवा नांदेडच्या सावकाराकडून कलदार करून घेऊन ते कमरेच्या कशात बांधण्याची रीत होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढे करोडगिरी उठली आणि हाली सिक्काही चलनातून गेला.

या पद्धतीचा ऱ्हास लोहमार्गाने आरंभला. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपर्यंत पोहोचली आणि १९०० च्या सुमारास नांदेड आगगाडीच्या वाटेवर आले. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरला टेकली, आणि कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला जाणे लातूरकरांच्या आटोक्यात आले. १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने सत्तावीस मोटारींनिशी सडकेवरची वाहतूक सुरू केली. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे एस.टी. खेड्यापाड्यांत पोहोचली. सहा मुक्कामांचे अंतर एका सकाळवर आले. आगगाडीने आणि एस.टी.ने गरिबाला, विधवेला, बैल नसलेल्या भूमिहीनाला प्रथमच दूरच्या देवाचे दर्शन घडविले, हे त्यांचे ऋण मोठे आहे आणि ते कोणत्याही हळहळीने पुसता येणार नाही. तथापि वेळ दुसऱ्याने ठरवावयाची, थांबा दुसऱ्याने ठरवावयाचा आणि आपण पिशवी सांभाळीत बसावयाचे, ही सवय दोन पिढ्यांत इतकी अंगवळणी पडली की ऋतूचा, मजलीचा, शिदोरीचा आणि नाक्याचा विचार स्वतः करण्याचे शास्त्र आपण हरवून बसलो. यात्रा कंपन्यांचा व्यवसाय याच विस्मृतीवर उभा राहिला आहे.

आता या विस्मृत शास्त्राची नव्या भूमीवर परीक्षा घेऊ. न्यूझीलंड क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राहून काहीसा लहान. पण दोन मुख्य बेटांत विभागलेला, डोंगराळ आणि विरळ वस्तीचा. तेथील ऋतू आपल्या उलट. आपल्या मुलांना सुट्टी लागते त्या मे महिन्यात तेथे शरद सरत आलेला असून दिवस आखूड होत जातात, जून-जुलैत घाटांतून बर्फ पडते आणि काही वाटांवर चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. उलट दिवाळीच्या सुट्टीत तेथे वसंत असतो. म्हणजे पहिला कायदा, ऋतू पाहून तिथी धरण्याचा, तेथेही प्रथम लागू होतो. वाहन आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालवावयाचे, ही सोय. परंतु सात वर्षांखालील मुलाला त्याच्या वयाचे वेगळे आसन गाडीत असलेच पाहिजे असा तेथील कायदा असून, ते आसन भाड्याच्या गाडीबरोबर आधीच मागून ठेवावे लागते. इंग्रजीतील आपला परवाना मर्यादित काळ तेथे चालतो. तरीही प्रादेशिक परिवहन कार्यालयातून, मग ते एमएच-२६ चे नांदेड असो की एमएच-२४ चे लातूर, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून सोबत ठेवणे शहाणपणाचे.

करोडगिरीचा नाका तेथे विमानतळावरच उभा आहे आणि तो आपल्या नाकेदाराहून कडक आहे. बाहेरची कीड आणि रोग आपल्या शेतीत येऊ नयेत म्हणून त्या देशाने प्रत्येक खाद्यपदार्थ लिहून जाहीर करण्याची सक्ती केली आहे. मध, बी-बियाणे आणि दुधाचे पदार्थ यांवर विशेष नजर, बुटांच्या तळव्याला लागलेली मातीसुद्धा तपासली जाते, आणि दडविणाऱ्याला जागच्या जागी ४०० डॉलरांचा दंड होतो. म्हणून दशम्या आणि तुपाचे डबे घरी ठेवावे, जे नेऊ ते सर्व जाहीर करावे, आणि डाळ-तांदूळ-भाजी तेथेच विकत घेऊन स्वयंपाकघर असलेल्या उताऱ्यावर शिजवावी. शिदोरीचा कायदा पाळला जातो आणि खर्चही बेताचा राहतो. वेलिंग्टन आणि पिक्टन यांच्यामधील कुक सामुद्रधुनी मोटारीसकट बोटीने सुमारे साडेतीन तासांत ओलांडता येते. त्या बोटीची जागा आगाऊ राखावी लागते, आणि वाऱ्याने बोट रद्द होण्याचे प्रसंग येतात म्हणून परतीच्या विमानाच्या अगोदर एक-दोन दिवस मोकळे सोडावे.

मजलीच्या बाबतीत आपल्या लोकांची जी फसगत होते ती नकाशावरील अंतर पाहून होते. तेथे मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर ही सर्वसाधारण कमाल मर्यादा असली तरी रस्ते बव्हंशी दोन्ही दिशांना एकेकच पदर असलेले, वळणावळणाचे आणि डोंगरातून जाणारे. अनेक नद्यांवर एकावेळी एकच गाडी जाईल असे अरुंद पूल आहेत आणि आधी कोणी जावयाचे हे पाटीवरील बाणांनी सांगितलेले असते. ज्या बाजूला लहान तांबडा बाण त्याने थांबावे, मोठा पांढरा बाण त्याने जावे. भरल्या गाडीला वाट देणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा नियम समजावून सांगावा लागला नसता. ‘ते आनाऊ’ या गावाहून मिलफर्ड साउंडकडे जाणाऱ्या सुमारे १२० किलोमीटरच्या वाटेवर इंधन मिळण्याची आशा धरू नये. टाकी आधी भरून घ्यावी, जसे आपले पूर्वज दोर-पोहरा घेत असत. दिवसाला चार तासांहून अधिक चालवू नये, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे, विमानातून उतरल्या दिवशी लांबची मजल मारू नये, आणि प्रत्येक तीन-चार दिवसांनंतर एक दिवस गाडी उभी ठेवून मुलांना आणि वडीलधाऱ्यांना विसावा द्यावा. उघड्यावर मुक्कामाला गाडी लावण्याचेही तेथे नियम आहेत, व शौचकूपासह प्रमाणित झालेली गाडी नसेल तर अशा मुक्कामाची परवानगी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. तेव्हा रात्रीचा उतारा आधी ठरवून ठेवावा.

या सर्व सूचना वाचताना कोणाही जुन्या गाडीवानाने मान डोलाविली असती, कारण त्यांतील एकही त्याला नवी नव्हती. स्वतंत्र प्रवास म्हणजे बंधनांतून सुटका नव्हे. दुसऱ्याने घेतलेली जबाबदारी आपल्या शिरावर घेणे, असा त्याचा अर्थ माळेगावच्या वाटेवरील त्या कुटुंबांनी आपल्या आचरणाने ठरवून ठेवला आहे. म्हणून नांदेड-लातूरच्या तरुण गृहस्थांना माझे सांगणे एवढेच की, दूरच्या बेटांचे मनोरथ अवश्य करावे, पण त्याआधी घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून त्यांच्या लहानपणीच्या गाडीयात्रेची हकिकत, मुक्कामांच्या नावांसह, विचारून लिहून घ्यावी. ती सांगू शकणारी पिढी आता झपाट्याने विरळ होत आहे. आणि एखादा छोटा प्रवास त्यांना घेऊन, त्यांच्या वेगाने, माहूरपर्यंत करून पाहावा. तो नीट पार पडला तर पुढचा समुद्रही ओलांडावयास हरकत नाही.